चढणीचे मासे

दादा सकाळी उठला की आधी तीन आकडे बघतो. सेन्सेक्स नाही, डॉलरचा भावही नाही. नदीच्या पाण्याचं तापमान, नदीची पातळी आणि वाऱ्याची दिशा. चौथा आकडा बघायची गरजच नसते, तो घरात सगळ्यांना पाठ असतो. 60 पैकी किती दिवस उरले!

तर झालं असं, की फेब्रुवारीच्या शेवटी दादाची नोकरी गेली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे, तिथे तो 2013 पासून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होता. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये अख्खी टीम गेली. एच-वन-बी व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसरी कंपनी किंवा दुसरा काही मार्ग मिळाला तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. ग्रीन कार्डच्या रांगेत कितीही वर्षं उभे असलात तरी.

"तो फोनवर नीट बोलत नाही गं, तू एकदा बघून ये," आई म्हणाली. माझा व्हिजिटर व्हिसा आधीचाच होता, आणि फ्रीलान्सरला रजा मागायची कुणाकडे? गेले. पोचले तेव्हा 19 दिवस संपले होते. मला वाटलेलं, दादा लॅपटॉपला चिकटून रेझ्युमे पाठवत असेल. साहेब गॅरेजमध्ये बसून शिशाची वजनं निवडत होते.

"वेडा झालास का रे?" मी विचारलं.

"रेझ्युमे रात्री पाठवतो," तो म्हणाला. "पाणी अजून 38 आहे. 42 झालं की मासा चढेल."

38 म्हणजे फॅरनहाइट, आपले तीन-साडेतीन डिग्री. आणि मासा म्हणजे वॉलआय. टोलेडो आहे लेक ईरीच्या पश्चिम टोकाला. पाच ग्रेट लेक्समधलं हे सगळ्यात उथळ सरोवर, पण लांबी 388 किलोमीटर! पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल, त्यामुळे बर्फ वितळला की तो भराभर तापतो. मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय सरोवरातून मॉमी नदीत चढतात, कारण अंडी घालायला त्यांना खडकाळ तळ आणि वाहतं पाणी लागतं. पाणी साधारण 42 ते 50 फॅरनहाइट असताना खरा जोर. पेरिसबर्ग आणि मॉमी या दोन गावांच्या मधल्या उथळ पात्रात तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. विरार लोकलची लाइन, फक्त हातात रॉड.

हे ऐकून मला एकदम आजोळ आठवलं. आम्ही वाढलो ठाण्यात, पण आई मालवणकडची. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की मामा रात्री बॅटरी घेऊन वहाळावर जायचा, चढणीचे मासे धरायला. दादा आठ-नऊ वर्षांचा, चड्डीवर मागे मागे. मी घरी, कारण मी "लहान". आपले मासे पावसाची वाट बघतात, यांचे बर्फ वितळायची. बाकी सेम!

फरक एवढाच, की मामाला आकडे लागायचे नाहीत. इथे सगळं सायन्स. मॉमी नदी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला सुरू होते. तिकडे पाऊस पडला की एक-दोन दिवसांत टोलेडोला पाणी चढतं आणि कॉफीसारखं गढूळ होतं. मग नदीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वाऱ्याचं प्रकरण तर अजून भारी. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला की तो अख्ख्या सरोवराचं पाणी दुसऱ्या टोकाला, बफेलो शहराकडे ढकलतो. दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडू शकतो! त्या दिवशी टोलेडोच्या किनाऱ्यावर चिखल उघडा पडतो आणि नदीचा खालचा भागही उतरतो.

असा एक दिवस दादाने मला मुद्दाम दाखवला. पाणी मागे गेलेलं, कडेला बर्फाचे मळकट तुकडे, वारा कानात शिरणारा. तिथे उभं राहून तो पहिल्यांदा सलग बोलला. पण कशाबद्दल? 2014 च्या ऑगस्टबद्दल. तेव्हा या सरोवरात हिरवं शेवाळ एवढं माजलं की नळाच्या पाण्यात विष उतरलं, आणि टोलेडो परिसरातल्या चार लाखांहून जास्त लोकांना जवळजवळ तीन दिवस पाणी पिऊ नका असं सांगितलं गेलं. उकळून उपयोग नाही, उलट विष वाढतं. दादा नवीनच होता, पाण्याच्या बाटल्या आणायला शेजारच्या मिशिगन राज्यात गेला होता. वसंतातल्या पावसाने मक्या-सोयाबीनच्या शेतांतलं खत याच नदीतून सरोवरात येतं, त्यावर उन्हाळ्यात शेवाळ पोसतं. म्हणजे ज्या पुराने मासेमारी बुडते, तोच पूर पुढे पिण्याचं पाणीही नासवतो.

"तेव्हा वाटलं होतं, परत जावं," दादा म्हणाला. मग गाडीत बसेपर्यंत गप्प.

तेहतिसाव्या दिवशी पाणी 44 झालं. मी लायसन्स काढलं, वहिनीचे छातीपर्यंतचे रबरी वेडर्स चढवले आणि उतरले. थंडी कशी असते ते सांगत नाही, दात अजून वाजतायत. शिशाचं वजन, त्यापुढे दोनेक फूट दोरा, टोकाला तरंगणारी गरी आणि तिला पोपटी रबराची शेपटी. प्रवाहाच्या थोडं वर फेकायचं आणि वजन तळाच्या दगडांवरून टक-टक करत जाऊ द्यायचं. टक-टक थांबली की एकतर दगड, नाहीतर मासा. माझे पहिले अकरा दगड होते.

बारावा मासा! च्यायला, काय ओढ! दादाने जाळी लावली. हातभर मादी, पोट अंड्यांनी टम्म, डोळे मांजरासारखे चंदेरी. मी नाचायचीच बाकी होते.

"तोंडात नाही," दादा म्हणाला. "कल्ल्यामागे लागलीय. सोड."

नियमच आहे. या नदीवर मार्च-एप्रिलमध्ये एकच गरी, सूर्योदय ते सूर्यास्त, आणि तोंडात न लागलेला मासा लगेच परत पाण्यात. गर्दीत असे आडवे लागलेले बरेच निघतात.

"अरे, कोण बघतंय?"

"छोटे, माझे 27 दिवस उरलेत," तो हळूच म्हणाला. "मला पार्किंगचं तिकीटसुद्धा नकोय."

त्याने गरी काढली, मादीला प्रवाहाकडे तोंड करून धरलं आणि सोडलं. या सगळ्या महिन्यात तो बोललेलं सगळ्यात खरं वाक्य हेच असावं. आईला मी ते सांगितलेलं नाही.

अडतिसाव्या दिवशी पाणी 47, निवळ, वारा पडलेला. पहिलं टाकणार तेवढ्यात दादाचा फोन वाजला. दुपारचा इंटरव्ह्यू त्यांनी सकाळी साडेदहावर आणला होता. घरी जायला वेळ नव्हता. मग काय, गाडीत मागे टांगलेला इस्त्रीचा शर्ट आणि ब्लेझर त्याने तिथेच चढवला. कमरेपासून वर इंजिनीअर, खाली ओले वेडर्स! लॅपटॉप डॅशबोर्डवर. मला म्हणाला, "तू जा पाण्यात. इथे उभी राहिलीस तर मला टेन्शन येईल."

गेले. पण लक्ष कुठे लागतंय? दर दोन मिनिटांनी मागे वळून पार्किंगकडे बघत होते. काचेवर आकाश दिसत होतं, दादा दिसत नव्हता. शेजारचे एक गोरे आजोबा म्हणाले, नदीकडे बघ, पाय घसरेल. त्यांच्या वजनांतलं एक जड वजन त्यांनी मला काढून दिलं. माझं हलकं होतं म्हणे, तळाला पोचतच नव्हतं.

पन्नास मिनिटांनी दादा आला. ब्लेझर नव्हता, शर्ट तसाच.

"कसा झाला?"

"झाला." त्याने रॉड उचलला. "तुला किती?"

"दोन. एक तोंडात."

त्याने माझी जाळी उचलून बघितली. छोटा नर होता, तरी मान हलवली. मग खिशातून फोन काढला. मला वाटलं मेल बघतोय.

"रात्री फोर्ट वेनला पाऊस आहे," तो म्हणाला. "परवा पाणी गढूळ होईल. उद्या सकाळीच येऊ."