डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

मैत्रिणींनो, घरात कोणती वस्तू गळते आहे, हे सर्वांत आधी कुणाला कळते? नळाखालच्या बादलीपासून फ्रीजखालच्या ओलाव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची पहिली खबर आपल्यालाच असते. कारण पुसायचे फडके आपल्या हातात असते. मग दारातली मोटार तरी त्याला अपवाद कशी असेल? अंगण झाडताना गाडीखालचा डाग आपल्यालाच दिसतो. आपण तो सोड्याने घासतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! माझे सांगणे एवढेच, की डाग घासण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. तू पडलास कुठे? तुझा रंग कोणता? वास कसला? आणि बोटाला लागतोस कसा?

आमची गाडी जुनी आहे. १५ वर्षे पुरी झाल्यावर आर.टी.ओ.मध्ये तपासणी करून तिची नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली, त्यालाही आता दोन वर्षे होतील. आमच्या 'ह्यां'चा तिच्यावर फार जीव. डागाचा विषय काढला, की यांचे उत्तर ठरलेले.

"अगं, जुनी गाडी म्हटली की थोडंफार गळायचंच. माणसाचे नाही का गुडघे दुखत?"

तेल कमी झाले की वरून भर घालायची, हा यांचा इलाज. तो तसाच चालू राहिला असता. पण दिवाळीनंतर कुलदेवतेला कोकणात जायचे ठरले. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मला एकच काळजी. चढावर गाडी बंद पडली तर माणसे ढकलतील तरी; पण उतारावर ती थांबलीच नाही, तर काय करायचे?

म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी मी कपाटामागे ठेवलेला मोठ्या खोक्याचा पुठ्ठा काढला. खोके उलगडून त्यावर पांढरे कागद चिकटवले आणि रात्री ते गाडीखाली सरकवले. खडूने चारही चाकांच्या जागा खुणा करून ठेवल्या. यासाठी गाडीखाली शिरावे लागत नाही आणि शिरूही नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणालाही जाऊ देऊ नका. जॅक घसरायला क्षणही पुरतो.

सकाळी पुठ्ठा बाहेर ओढला, तर एक सोडून तीन डाग!

पहिला पुढे, डाव्या बाजूला. रंग नाही, वास नाही, बोटाला चिकटपणा नाही. हे ए.सी.चे पाणी. आदल्या संध्याकाळी बाजारातून येताना ए.सी. लावला होता. थंड पेल्याबाहेर जसे पाण्याचे थेंब जमतात, तसेच ते आत जमते आणि नळीतून खाली टपकते. त्याची चिंता नको.

दुसरा इंजिनाखाली, काळपट आणि तेलकट. हे इंजिन ऑइल. नवे असताना मधासारखे दिसते, वापरून काळे होते.

तिसरा अगदी लहान, रुपयाएवढा. पण मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला. फिकट पिवळसर, पाण्याहून बुळबुळीत. तिथे इंजिन नाही, ए.सी. नाही. मग हे आले कुठून?

आधी दुसऱ्या डागाचे सांगते. यांनी गाडी गॅरेजमध्ये नेली तेव्हा मीही सोबत गेले. मिस्त्रींनी खालून बॅटरी मारून पाहिले आणि निदान केले, "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल आहे. क्रँकचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." म्हणजे खर्च मोठा आणि तीन-चार दिवस गाडी गॅरेजमध्ये.

मला मात्र आमच्या माडीवरची खोली आठवली. दर पावसाळ्यात तिच्या छताला मधोमध ओल यायची. दोन वर्षे गवंड्याने तिथेच गिलावा केला. शेवटी कळले, की पाणी मुरत होते ते कठड्याच्या कडेला; स्लॅबमधून सरकत ते मध्यावर येऊन टपकत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेलाचेही तसेच असणार. ते वरून ओघळते, गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरते आणि सर्वांत खालच्या टोकाशी येऊन थेंब होते.

मी म्हटले, "मिस्त्री, खोलण्याआधी एकदा इंजिन पुसून कोरडं करा. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवू. तेल जिथून येतंय तिथून ओघळ दिसेल."

मिस्त्री हसले, पण माणूस भला. त्यांनी थंड इंजिन स्वच्छ करून दिले. वर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला, गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली आणि बंद करून निवल्यावर पाहिले. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ थेट वरून निघाली होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून! तिथले रबरी पॅकिंग इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन चिरले होते. ते तासाभरात बदलून झाले आणि गिअरबॉक्स जागचा हललाही नाही.

"वहिनी, पावडरचा खर्च वसूल झाला," मिस्त्री म्हणाले.

आता तिसरा डाग. "मागचं चाक ना? पावसाचं पाणी असेल," असे हे म्हणाले. मी चाकाच्या आतल्या बाजूला बोट दाखवले. पाऊस सगळ्या चाकांवर पडतो. ओघळ मात्र एकाच टायरवर होता. पाणी वाळते, हे वाळत नव्हते. मग मी यांना बॉनेटखालची ब्रेक ऑइलची छोटी अर्धपारदर्शक डबी उघडायला न लावता बाहेरूनच पाहायला सांगितली. तिच्यावर 'मॅक्स' आणि 'मिन' अशा दोन खुणा असतात. आठ दिवसांपूर्वी यांनीच ती वरच्या खुणेपर्यंत भरली होती. आता तेल खालच्या खुणेला टेकले होते.

"अहो, इंजिन थोडं तेल जाळतं हे मला कळतं. पण ब्रेकचं तेल कुठं जळत नाही. मग ते गेलं कुठं?"

हे गप्प झाले. ब्रेकच्या पट्ट्या झिजतात तशी त्या डबीतली पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते, हे खरे. पण आठवड्यात उतरली, तर ते तेल बाहेर पडते आहे, दुसरे काही नाही. मिस्त्रींनी पायाने ब्रेक दाबून धरला, तर पेडल सावकाश खाली खाली जाऊ लागले. त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी चाक काढले, ड्रम काढला. आत सगळे ओले!

घडते ते असे. आपण पेडल दाबतो तेव्हा तेलाचा दाब नळ्यांतून चारही चाकांशी पोचतो. मागच्या ड्रममध्ये एक छोटे सिलिंडर असते. त्यातले दट्टे ब्रेकच्या पट्ट्यांना बाहेर ढकलतात आणि चाक थांबते. दट्ट्यांवरचे रबर म्हातारे झाले, की तेल झिरपते. झिरपलेले तेल पट्ट्यांवर पसरले, की ते चाक नीट धरतच नाही. मोटारीत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग ठेवलेले असतात, त्यामुळे एक गळला तरी सगळे ब्रेक एकदम जात नाहीत. पण उरलेल्या ब्रेकवर पाच माणसांची गाडी घाटात उतरवायची, ही कल्पनाच करवत नाही.

आणखी एक गोष्ट. हे तेल हवेतला ओलावा शोषते, आपल्या मिठासारखे. 'डॉट ३' जातीचे कोरे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला, की ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापली आणि तेलात वाफेचे बुडबुडे झाले, तर पाय नुसता खाली जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचे असते. नुसती भर घालून भागत नाही. आम्ही सिलिंडर बदलले, त्या जोडीच्या पट्ट्या बदलल्या आणि सगळे तेलही नवे घातले.

तुमच्याही दारात जुनी गाडी असेल, तर एवढे लक्षात ठेवा. हिरवा, गुलाबी किंवा निळा, गोडसर वासाचा डाग हे रेडिएटरचे कूलंट. ते विषारी असते आणि गोड असल्याने कुत्री-मांजरे चाटतात. लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका, भरपूर पाणी टाकून धुऊन काढा. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधी उघडू नका. प्रेशर कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण काढतो का आपण? पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी मेकॅनिक बोलवा आणि जवळ काडी ओढू देऊ नका. ब्रेकचे तेल रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. आणि त्या डबीत दुसरे कुठलेही तेल घालू देऊ नका. इंजिनाच्या तेलाने ब्रेकचे रबर फुगते.

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. कुंभार्ली घाटात धुके होते. हे गिअर खालचा ठेवून सावकाश उतरत होते, जिथे ब्रेक हवा तिथे तो लागत होता. मागे सासूबाईंची जपमाळ चालू होती; अर्ध्या घाटात पाहिले, तर त्या चक्क झोपल्या होत्या.

हल्ली महिन्यातून एकदा पुठ्ठा गाडीखाली सरकवायचे काम यांनी स्वतःकडे घेतले आहे. सकाळी ते कोरा पुठ्ठा मला ओट्यापाशी आणून दाखवतात. तुम्हीही आज रात्री एखादे जुने खोके उलगडून पाहा. उद्या सकाळी काही दिसले नाही, तर चांगलेच. आणि दिसले, तर डाग घासू नका. आधी तो कुठून आला, ते शोधा.