पाळीच्या पलीकडे

महाराष्ट्रात कान टोचणे हा सहसा कुणा एकाचा निर्णय नसतो, तो घरातला विधी असतो. बारशाच्या दिवशी किंवा पुढच्या काही आठवड्यांत सोनाराला बोलावणे जाते, तो सोन्याची बारीक तार पाळीतून आरपार काढून तिला पीळ देतो, बाळ रडते, कुणीतरी त्याला उचलून फिरवते, आणि ज्याच्या कानाला भोक पडले त्याला त्या घटनेची पुढे आठवणही राहत नाही. याउलट वयात आलेली एखादी व्यक्ती जेव्हा पाळी सोडून कानाची वरची कड, म्हणजे हेलिक्स, किंवा कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा, म्हणजे ट्रॅगस, किंवा कानाच्या मधोमध असलेला खोलगट भाग, ज्याला पिअर्सिंगच्या व्यवसायात कॉन्च म्हणतात, तो पहिल्यांदा टोचून घ्यायचे ठरवते, तेव्हा सोनार, मुहूर्त, मामा, आजी यांपैकी कुणीही तिच्या सोबत नसते. अशा वेधाला असाधारण म्हटले जाते ते बहुधा त्याच्या जागेमुळे. मात्र जागेपेक्षा मोठा फरक जखमेच्या पालकत्वात आहे, कारण रूढ वेधात जखम कुटुंबाच्या हवाली असते आणि अरूढ वेधात ती ज्याची त्याच्या हवाली होते.

जागेवरून असाधारणपणा ठरवू गेल्यास फार काही हाती लागत नाही. मराठी स्त्रीच्या अलंकारांत नथीइतके ‘आपले’ दुसरे काही क्वचितच मानले जात असेल. तरीही भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी नाकातील अलंकाराच्या प्राचीनतेचा शोध घेतला तेव्हा त्यांच्यासमोर अडचण अशी होती की, प्राचीन संस्कृत वाङ्मय कुंडलांच्या वर्णनांनी भरलेले असताना नाकातल्या दागिन्याबाबत मात्र मौन बाळगते. अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रिया कानांत, गळ्यात, दंडांत आणि कमरेला दागिने मिरवतात, नाक मोकळे ठेवतात. म्हणजे नाकाला पहिल्यांदा भोक पाडणारी कुणी स्त्री कधीतरी असाधारणच ठरली असेल, आणि तिच्या सासूला ते आवडले असेल असे मानायला काही आधार नाही. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घातली जाते, म्हणजे जिला आज स्टुडिओत हेलिक्स म्हणतात त्याच जागी. पुरुषांची भिकबाळीही कानाच्या वरच्या भागातच असते, आणि ढोल-ताशा पथकांतील तरुणांनी ती अलीकडे पुन्हा मिरवायला घेतली आहे. एकाच जागेचे भोक आजीच्या कानात परंपरा ठरते आणि नातीच्या कानात थेर. यातली गंमत अशी की, नातीला दटावणाऱ्या घरात आजीच्या बुगड्या अजूनही डब्यात जपून ठेवलेल्या असतात.

पालकत्वाचा मुद्दा सुश्रुतसंहितेत फार स्पष्टपणे दिसतो. तिच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेधाची आणि फाटलेल्या पाळ्या जोडण्याची चर्चा आहे. रक्षण आणि भूषण या दोन हेतूंनी बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, बालकाला धात्रीच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे, वैद्याने डाव्या हाताने पाळी ताणून धरावी, उन्हात जिथून प्रकाश आरपार दिसतो ते नैसर्गिक ठिकाण हेरावे आणि उजव्या हाताने सरळ वेध करावा, असे तिथे सांगितले आहे. पाळी पातळ असेल तर सुई वापरायची, जाड असेल तर आरी. मुलाचा उजवा कान आधी टोचायचा, मुलीचा डावा. वेध भलत्या जागी झाला तर रक्त अधिक जाते आणि वेदना अधिक होते, हे लक्षण दिले आहे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या तीन शिरा दुखावल्यास कोणते उपद्रव होतात तेही दिले आहे. तथापि ग्रंथकाराचा खरा जीव वेधाच्या क्षणात नसून त्यानंतरच्या दिवसांत अडकलेला दिसतो: भोकात कापसाची वात ठेवावी, कच्चे तेल सोडावे, दर तिसऱ्या दिवशी आधीच्याहून जाड वात घालावी, आणि पाळी तुटलीच तर ती जोडण्याचे पंधरा प्रकार माहीत असावेत. वेध हे एक दीर्घ काम आहे आणि ते बालकाभोवतीच्या माणसांनी करायचे आहे, हे या विवेचनात गृहीतच धरलेले आहे. सोनाराने टोचले म्हणजे कान दुखत नाहीत या मराठी म्हणीचा वापर आज उपदेश करण्याच्या अधिकाराबद्दल होत असला, तरी तिच्या मुळाशी हाच भरवसा आहे की टोचणारा हात कुणाचा हे घराला ठाऊक असते.

पाळीच्या पलीकडे जाणाऱ्या वेधालाही भारतात जुना आणि कठोर पूर्वज आहे. नाथपंथातील योगी दीक्षेच्या वेळी कानाच्या मधल्या खोलगट भागात चीर पाडून घेत, म्हणजे कॉन्च नावाने आज जे टोचले जाते जवळपास त्याच ठिकाणी. फरक इतकाच की तिथे बारीक सुई नव्हती, दुधारी सुरी होती, आणि बारीक भोक नव्हते, मोठी कुंडले मावतील एवढी फट होती. या कुंडलांना मुद्रा किंवा दर्शन म्हणत, ती गेंड्याच्या शिंगाची, काचेची किंवा मातीची असत, आणि ती धारण करणाऱ्याला दर्शनी अथवा कानफाटा म्हटले जाई. ज्यांचे कान अजून चिरलेले नाहीत ते औघड. महाराष्ट्राचे या पंथाशी नाते जवळचे आहे, कारण ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा निवृत्तिनाथ आणि गहिनीनाथ यांच्यामार्गे गोरक्षनाथांपर्यंत नेतात आणि मढीला कानिफनाथांची यात्रा आजही भरते. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांच्या 1938 सालच्या ग्रंथात या दीक्षेचे तपशील येतात. चीर पाडल्यावर जखमेत कडुलिंबाच्या काड्या ठेवल्या जात, जखम कडुलिंबाच्या पाण्याने धुतली जाई, आणि ती भरेपर्यंतचा काळ नवदीक्षित योगी पंथाच्या देखरेखीत काढी. हा वेध प्रौढ माणसाने स्वेच्छेने पत्करलेला असे, समाजाच्या दृष्टीने तो विलक्षणही होता. तरीसुद्धा तो एकाकी नव्हता. गुरू होता, जागा होती, पथ्य होते, आणि आपल्याआधी असंख्य कानांनी हेच सोसले आहे ही खात्री होती.

आजच्या असाधारण वेधाची परंपरा मात्र या वाटेने आलेली नाही. तिचा उगम 1970 च्या दशकातल्या लॉस एंजेलिसमध्ये आहे, जिथे जिम वॉर्ड यांनी 1975 साली गॉन्टलेट नावाचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे त्याचे दुकान थाटले. पिअर्सिंग हे वेगळे कौशल्य असून त्याला स्वतःची हत्यारे, दागिन्यांचे ठरावीक आकार आणि स्वच्छतेचे नियम हवेत, ही कल्पना तिथे घडत गेली. वॉर्ड यांचे आश्रयदाते डग मॅलॉय या टोपणनावाने वावरणारे एक श्रीमंत व्यावसायिक होते, आणि त्यांनी या वेधांना इतिहास पुरवण्याचे कामही उत्साहाने केले: रोमन सेनाधिकारी स्तनाग्रांतील कड्यांना आपले झगे अडकवत, इजिप्तमध्ये बेंबी टोचण्याचा मान राजघराण्याचाच असे, अशा कथा त्यांच्या पुस्तिकेतून जगभर पसरल्या. त्यांना पुरावा नाही, त्या रचलेल्या आहेत. तरीही त्या हसून सोडून देण्याजोग्या नाहीत, कारण ज्या कृतीला घर नाही, गुरू नाही, विधी नाही, ती कृती करणाऱ्याला निदान पूर्वज तरी हवे असतात, हे मॅलॉय यांना बरोबर उमगले होते. बेंबीच्या बाबतीत खरा पूर्वज इजिप्तपेक्षा दूरदर्शन संचाजवळ सापडतो: 1993 साली एरोस्मिथ या संगीतवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत अभिनेत्री बेंबी टोचून घेताना दिसली आणि त्यानंतर ती मागणी वाढली.

कान पाळीत टोचणे आणि कूर्चेत टोचणे यांत शरीराच्या दृष्टीने जो फरक आहे तो समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात फारसा अर्थ नाही. पाळी त्वचा आणि चरबी यांची बनलेली, रक्ताने भरलेली असते, त्यामुळे तिच्यातले भोक साधारण 6 ते 8 आठवड्यांत बरे होते. कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचीक, पांढुरका ताठ भाग, हिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून पोषण झिरपत येईल तेवढ्यावर ती जगते. म्हणून तिच्यातले भोक बरे व्हायला 6 महिने ते 1 वर्ष लागते, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर शरीराची संरक्षक पेशीसेना व औषधे दोन्ही उशिरा पोहोचतात. या आवरणाच्या दाहाला पेरिकाँड्रायटिस म्हणतात. त्यात पू साचला तर कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका विक्रीगाळ्यावर कानाची वरची कड टोचून घेतलेल्या तरुणांमध्ये स्यूडोमोनास या जंतूची साथ उद्भवली, आणि तिचा माग काढता काढता तपास जंतुनाशकाच्या दूषित बाटलीपर्यंत पोहोचला. ज्याने निर्जंतुक करायचे तेच दूषित होते, आणि कूर्चेने ती चूक माफ केली नाही.

दागिन्यांच्या दुकानांत सर्रास दिसणारी कान टोचण्याची गन कूर्चेसाठी त्याज्य ठरते ती याच कारणांनी. ती बोथट टोकाची कुडी स्प्रिंगच्या जोराने घुसवते, त्यामुळे ऊतक कापले न जाता चेचले जाते. शिवाय तिचे प्लॅस्टिकचे शरीर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या 121 अंश सेल्सिअस वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात, टिकत नाही. चांगला पिअर्सर एकदाच वापरायची पोकळ सुई घेतो, ती ग्राहकासमोर पाकिटातून फोडतो, आणि पहिला दागिना शरीरात रोपण करण्याच्या दर्जाच्या टायटॅनियमचा आणि मुद्दाम लांब दांड्याचा घालतो, कारण कान सुजणार हे ठरलेले असते. सूज उतरल्यावर आखूड दांडा घालायला परत यावे लागते. स्वस्त दागिन्यांतले निकेल अनेकांच्या त्वचेला सोसत नाही, हेही अनेकांना कान चिघळल्यावरच कळते.

प्रत्यक्ष वेधाची वेळ, जिच्या भीतीने लोक महिनोन्‌महिने थांबतात, ती या साऱ्या प्रकरणातला सर्वांत किरकोळ भाग आहे. संमतीपत्रावर नाव, वय आणि आजारांची माहिती लिहिली जाते, कानावर शाईचा ठिपका देऊन आरशात दाखवला जातो, श्वास सोडायला सांगितले जाते, आणि सुई कूर्चेतून जाताना होणारा बारीक करकर आवाज टोचून घेणाऱ्यालाच सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, कारण तो कानातच होत असतो. वेदना तीव्र पण छोटी असते, तिच्यामागून कान तापतो. जुन्या विधींशी या कागदाचे आणि ठिपक्याचे काही साम्य आहे, परंतु संमतीपत्राचा खरा आशय असा की यापुढे काय होईल त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची.

तिथून पुढचे दिवस खरे कठीण. त्या कुशीवर झोपता येत नाही; दुचाकीवरचे हेल्मेट घालताना आणि काढताना दागिना हमखास अडकतो; केस विंचरताना, अंगातला कपडा डोक्यावरून काढताना, टॉवेलने कान पुसताना जखम पुन्हा उघडते; इयरफोन आणि कॉन्च यांचे तर जमतच नाही. घरात कुणाला हे पसंत नसते तेव्हा ती व्यक्ती दुखते असे म्हणायलाही कचरते, कारण उत्तर ठरलेले असते: कुणी सांगितले होते? आणि ज्यांना माया येते ते हळद-तेल घेऊन येतात, जे पाळीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या चालून गेले तरी कूर्चेच्या अरुंद भोकाशी साचून मळ धरते, तिथे 0.9 टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी आणि हात न लावण्याचा संयम यांपलीकडे फारसे काही लागत नाही. सुश्रुताच्या धात्रीचे, नाथांच्या गुरूचे आणि आजीचे काम आता एकाच माणसाने, स्वतःच, नेमाने आणि कुणी न विचारता करायचे असते. पुष्कळ वेध बिघडतात ते टोचणाऱ्याच्या चुकीने नव्हे, तर तिसऱ्या महिन्यात बाहेरून सारे बरे दिसू लागल्यावर दागिना बदलण्याची घाई झाल्याने. त्वचा भोकाच्या दोन्ही तोंडांकडून आत वाढत जाते आणि मधला भाग सर्वांत शेवटी भरतो, हे बाहेरून दिसत नाही.

हा वेध औषध म्हणून करून घेण्याची जी टूम आली आहे तिच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. कानाच्या नळीच्या अगदी वर असलेल्या कूर्चेच्या घडीतून जाणारा डेथ नावाचा वेध अर्धशिशी बरी करतो असा प्रचार होतो. त्याला भरवशाचा वैद्यकीय आधार नाही, आणि अर्धशिशीसाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जाणे अधिक शहाणपणाचे. सौंदर्यासाठी, हौसेखातर किंवा शरीरावर स्वतःचा हक्क आहे असे वाटावे म्हणून टोचून घेणे ही कारणे प्रामाणिक आहेत आणि त्यांना औषधाचे सोंग देण्याची गरज नाही.

ज्यांच्या अंगावर जुन्या जखमांचे व्रण मूळ जखमेबाहेर वाढून गाठी झाल्या आहेत, ज्यांना केलॉइड म्हणतात, त्यांनी कूर्चेच्या वाटेला जाऊ नये, कारण सावळ्या वर्णाच्या लोकांत ही प्रवृत्ती अधिक आढळते आणि कान ही तिची आवडती जागा आहे. मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कान लाल होऊन ठणकू लागला, कूर्चेचा भाग सुजला, ताप आला, तर दागिना स्वतः उपटून न काढता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. आणि ज्यांना वर्षभर एकाच कुशीवर झोपणे, हेल्मेट जपून चढवणे आणि कानाशी चाळा न करणे जमणार नाही असे मनातून वाटते, त्यांनी पाळीतच आणखी एक भोक पाडून घ्यावे. तिथेही दागिना शोभतो.