मानाचं पान

आमच्या यवतमाळकडे कार्य कसं झालं, ते मांडवावरून ठरत नाही. रोडगे खरपूस होते का, वांग्याच्या भाजीला तर्री होती का, हे लोक सांगतीलच. पण वर्षानुवर्षं बोललं जातं ते निराळंच. कोणाला बोलावलं, कुठं बसवलं, ‘घ्या जी, अजून एक’ म्हणत पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत कोण वाकलं. पाहुणा तेवढंच घरी घेऊन जातो.

२०१९च्या जानेवारीत, ११ ते १३ तारखांना, अख्ख्या मराठी मुलखाचं कार्य आमच्या दारी आलं. ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. यापूर्वी १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली ते इथं भरलं होतं. या वेळी अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यायच्या होत्या. इंग्रजीत लिहिणारी लेखिका नको, असा विरोध उठला आणि आयोजकांनी दिलेलं निमंत्रण मागे घेतलं. मला ते आजही सहन होत नाही. बोलावलेल्या माणसाला पाटावरून उठवायचं? तेही ९१ वर्षांच्या बाईला, जिचं भाषण आधीच लिहून तयार होतं! पण न आलेल्या त्या पाहुणीनेच मांडव भरून टाकला. भाषण मराठीत होऊन ठिकठिकाणी वाचलं गेलं. काही बायका त्यांचे मुखवटे लावून उद्घाटनाला बसल्या. अरुणाताईंनीही अध्यक्षपदावरून आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखवली.

मग उद्घाटनाला उभ्या राहिल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची बायको. ‘तेरवं’ या नाटकात आपल्यासारख्याच बायांचं जगणं रंगमंचावर मांडणारी. संक्रांत तीन-चार दिवसांवर आलेली. घरोघरी वाण लुटायचे दिवस, आणि याच दिवसांत कुंकू पुसलेल्या बाईला उंबऱ्याबाहेर ठेवायची आमची रीत. इथं पहिला मान तिचा. त्या वऱ्हाडीत बोलल्या, लिहून आणलेल्या थोरपणाविना. नवरा हरला, मी हरणार नाही, असा त्या बोलण्याचा रोख. समोर नावाजलेले लेखक बसले होते. एरवी भाषणं चालू असताना मांडवात चहाची, गप्पांची वर्दळ असते. त्या बोलत होत्या तेवढा वेळ माणसं जागची हलली नाहीत.

मागे घेतलेल्या एका निमंत्रणाने गावाची मान खाली गेली, दुसऱ्याने गाव सावरलं. दोन्ही मला सारखीच लख्ख आठवतात. कमानीवर काय रंगवलं होतं, ते मात्र नाही.

म्हणून घरात कार्याची बोलणी निघाली, की मी आधी यादी मागते. औंदा संक्रांतीला भावजयीने हळदीकुंकवाची यादी वाचून दाखवली. आमच्याच गल्लीतलं, दरवर्षी गळणारं एक नाव मी सगळ्यांत वर घातलं. भावजय क्षणभर आपल्या सासूबाईंकडे बघत राहिली. त्या म्हणाल्या, ‘मीच जातो तिला बोलवायले.’ वाण काय लुटायचं, ते मग ठरलं.