बिल्टमोरचं झाड

नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये जॉर्ज व्हँडरबिल्टने बिल्टमोर नावाचा 250 खोल्यांचा वाडा बांधला आणि 1895 साली नाताळच्या आदल्या दिवशी तो आप्तेष्टांसाठी खुला केला.

मेजवानीच्या दालनाचं छत 70 फूट उंच. तिथे दर नाताळात सुमारे 35 फुटी फ्रेझर फर उभा राहतो, अ‍ॅपलेशियन डोंगरांतच निसर्गतः वाढणाऱ्या जातीचा. पाहुण्याची नजर आधी शेंड्याला भिडते, मग खालच्या फांद्यांत रेंगाळते. एवढ्या वैभवात मन ओढून घेतं ते हे डोंगरातलं हिरवं झाडच.

व्हँडरबिल्ट दांपत्य कामगारांच्या मुलांना नाताळच्या भेटी देत असे. त्या मुलांच्या लक्षात काय राहिलं असेल, भेट की झाडाची उंची?

1930 साली, मंदीत पर्यटक यावेत म्हणून, वाडा सर्वांसाठी उघडला. त्या मुलांतलं कोणी पुढे तिकीट काढून इथे आलं असेल का?