आवाज गेला नव्हता, मुकादम नव्हता



आज पिकाचं काही नाही. पण मोटर, स्टार्टर, फुटव्हॉल्व्ह यांच्याशी ज्याची रोजची झटापट आहे त्याला ही गोष्ट लगेच कळेल. कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकली आणि आवाज बंद झाला, तर लगेच खिशात हात घालू नका. बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं.

आमच्या घरचा कॉम्प्युटर जुना, विंडोज ७ वाला. तिचे अपडेट कंपनीनं १४ जानेवारी २०२० लाच बंद केलेत. मशीन फार अडकायला लागलं म्हणून तालुक्याला नेऊन विंडोज १० टाकून आणली. सी ड्राइव्ह पुसला, डी तसाच ठेवला. घरी जोडलं तर सगळं झकास, फक्त आवाज नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "साउंडचा भाग गेला असणार. बोर्ड बदलावा लागंल, साडेतीन हजार धरा." म्हणजे डीएपीची अडीच पोती.

पण खरी काळजी पैशाची नव्हती. डी ड्राइव्हमध्ये आईच्या ओव्या आहेत. आईला जाऊन चार वर्षं झाली. थोरल्या मुलीनं त्या मोबाईलवर भरून घेतल्या होत्या, जात्यावरच्या आणि थोड्या पंचमीच्या. तो मोबाईल पुढं बिघडला, ओव्या तेवढ्या कॉम्प्युटरवर राहिल्या. पंचमीला बहीण माहेरी आली की आधी त्या ऐकते, मग चहा घेते. पंचमीला आठ दिवस राहिलेले. फाईल लावली की रेघ पुढं सरकायची, सेकंद मोजले जायचे, आणि खोलीत नुसती शांतता. बायको म्हणाली, "आत्याबाईंच्या ओव्या पुसल्या का काय हो?"

पुतण्या पुण्याला असतो. त्याच्याशी फोनवर बोलत एकेक गोष्ट तपासत गेलो. तोच क्रम लिहितो. फुकटचं आधी, पैशाचं शेवटी.

आधी वायर. मशीनच्या मागं रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घ्यायचं. स्पीकरची पिन हिरव्यातच पाहिजे. मग तोच स्पीकर मोबाईलला जोडून बघा. आमचा खणखणीत वाजला, म्हणजे दोष पुढं कुठंतरी.

मग व्हॉल्व्ह. खाली घड्याळाजवळ स्पीकरचं चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की आवाज कुठल्या वाटेनं चाललाय ते दिसतं. मॉनिटर एचडीएमआय केबलनं जोडलेला असला की विंडोज कधी कधी आवाज मॉनिटरकडं पाठवते. आता मॉनिटरला स्पीकरच नसेल तर? मोटर चालू, पाणी चालू, पण व्हॉल्व्ह दुसऱ्याच वावराचा उघडा. रेघ सरकत होती ती यामुळं. ओव्या वाजत होत्या, आपल्यापर्यंत येत नव्हत्या. वाट बदलायला गेलो तर यादीत मॉनिटर एकटाच, स्पीकरचं नावच नाही.

म्हणून हजेरीपट बघितला. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. मशीनच्या सगळ्या भागांची यादी तिथं असते. 'अदर डिव्हाइसेस'खाली एक नाव सापडलं, 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस', आणि त्यावर पिवळा त्रिकोण. त्रिकोण बघून घाबरू नका, ही चांगली बातमी आहे. चिप मेली असती तर बहुतेक हजेरीलाच आली नसती. गडी कामावर आलाय, मुकादम आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऊसतोडीची टोळी आलीय, कोयते आहेत, कारखान्याची चिठ्ठी आलीय, पण मुकादम नसेल तर कुणी कुठल्या फडात जायचं? विंडोज आणि चिप यांच्यामधला मुकादम म्हणजे ड्रायव्हर. सी पुसला तेव्हा जुना मुकादमही त्याबरोबर गेला. नवी विंडोज बरेच मुकादम बरोबर आणते, राहिलेले नेटवरून मागवते. आमच्या मशीनला नेटच नव्हतं.

मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. आधी विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये बघा, पुष्कळांचं काम तिथंच होतं. आमचं झालं नाही. मग त्रिकोणाच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथं 'वेन'पुढं १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, तैवानची कंपनी. तिची खूण खेकडा. मग स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' टाईप करून बोर्डाचं मॉडेल काढलं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावरून आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाकला, मग ऑडिओचा, आणि मशीन बंद करून चालू केलं. 'सगळे ड्रायव्हर फुकट' म्हणणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. बांधावर येऊन बिनबिलाचं औषध विकणाऱ्यातलीच ती जात.

यादीत स्पीकरचं नाव आलं. ते निवडलं, आणि आईचा आवाज आला. बायको पिठाच्या हातानं तशीच दारात उभी राहिली.

एवढं करूनही तुमच्याकडं आवाज आला नाही, तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ 'डिसेबल' आहे का बघा. मग पेनड्राइव्हवरून उबुंटू लिनक्स चालवून बघा, टाकायची गरज नाही. त्यात आवाज आला म्हणजे चिप शाबूत. तिथंही नाही आला, तरच खर्चाचा विचार. तोही बोर्डाचा नको. यूएसबीला लावायचं बारकं साउंड कार्ड मिळतं, काही शे रुपयांत भागतं.

फॉरमॅटला मशीन देण्याआधी बोर्डाचं मॉडेल वहीत लिहा, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि जपायच्या फायली दुसरीकडंही ठेवा. बी आपण एकाच कणगीत ठेवत नाही. ओव्यांची एक प्रत आता बहिणीच्या घरी आहे.

आणि मशीन उचलायच्या आधी दुकानातच स्पीकर लावून एक गाणं वाजवून दाखवा म्हणायचं. मोटर भरून घेतली की फिरवून बघितल्याशिवाय आपण पैसे देतो का?