भंगारात देण्याआधी

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकली आणि तो सुरूच होईना, तर त्याच्यावर आणखी वेळ घालवू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. विचारायला येणाऱ्यांना मी तसंच सांगत असे. दहा-बारा वर्षांचं मशीन, सुटे भाग मिळायची मारामार, त्यापेक्षा चार पैसे जमवून नवं घ्या. हा सल्ला मी आता देत नाही.

मत बदललं ते पुतणीच्या अभ्यासासाठी तयार करत असलेल्या एका डेस्कटॉपमुळे. त्यात एसएसडी बसवला, बायोसमध्ये जाऊन डिस्कचा मोड आयडीईवरून एएचसीआय केला आणि विंडोज 10 टाकली. रात्री सगळं सुरळीत चाललं. सकाळी निळा पडदा आणि त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. एसएसडीच खराब निघाला असणार, असं वाटलं. केबल बदलली, पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही. मग बायोस उघडला तर तिथली तारीख थेट 2009 सालची, आणि डिस्कचा मोड पुन्हा आयडीई.

तेव्हा उलगडा झाला. मदरबोर्डवर सीआर2032 नावाचा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. कॉम्प्युटरची वीज तुटली की घड्याळ आणि बायोसमधली सेटिंग त्याच्या जोरावर टिकतात. तो संपलेला होता. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे रोज रात्री सगळी सेटिंग मूळपदावर जाणार होती. विंडोज ज्या मोडमध्ये टाकली त्याच मोडचा ड्रायव्हर घेऊन ती सुरू होते. मोड बदलला की तिला स्वतःचीच डिस्क उघडता येत नाही. घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला, मोड परत एएचसीआय केला, आणि तोच डेस्कटॉप पुतणीच्या टेबलावर गेला. माझ्या आधीच्या सल्ल्याप्रमाणे तो भंगारात गेला असता, याचं मला मनापासून वाईट वाटलं. कारण असे किती तरी गेले असतील.

त्यानंतर अडलेलं मशीन आलं की मी आधी बायोस आणि डिस्क यांचं एकमेकांशी जुळतंय का ते बघतो. डिस्कवरचे भाग नोंदवायची जुनी पद्धत एमबीआर, ती 1983 सालच्या पीसी-डॉसपासूनची; पहिल्या 512 बाइटमध्ये सुरुवातीचा कोड आणि चार भागांचा तक्ता, बस्स. नवी पद्धत जीपीटी, ती बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या जोडीने आली. निव्वळ बायोसवाल्या बोर्डावर यूईएफआयसाठी बनवलेला विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह चालत नाही. अशा वेळी असा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या रूफस या प्रोग्राममध्ये एमबीआर निवडून तो पुन्हा बनवायचा, एवढंच काम असतं. 2012च्या आसपासच्या पुष्कळ बोर्डांवर दोन्ही सोयी असतात. तिथे बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. ज्या नावाने सुरुवात केली, त्याच पद्धतीने विंडोज बसते, आणि पुढेही बायोस त्याच पद्धतीवर ठेवावा लागतो.

आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून शेजारच्या नव्या डिस्कवर विंडोज टाकली, तर सुरुवातीच्या फाइली कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात. पुढे जुनी काढली की मशीन उठत नाही. म्हणून विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवावी.

सगळीच मशीनं वाचतात असं मी म्हणणार नाही. कोअर 2 ड्युओ प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचनाच नाही, आणि विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीला ती लागतेच. तिथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अशा मशीनवर मी 4 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर लिनक्स मिंट टाकून देतो. मराठी टायपिंग, ब्राउझर, लिब्रेऑफिस सगळं चालतं, आणि शाळा-कॉलेजच्या पोरांना तेवढं पुरतं.

तुमच्या घरीही असा न उठणारा कॉम्प्युटर पडून असेल, तर आधी सेल बदला, बायोसमधली तारीख आणि डिस्कचा मोड बघा, आणि कुणा जाणत्याला एकदा दाखवा. एवढं करूनही तो नाहीच उठला, तर खुशाल भंगारात द्या. फक्त हार्ड डिस्क काढून घ्या, तुमचे फोटो आणि कागदपत्रं तिच्यात असतात.