पाराती : हे दगड कोणी बसवले?

ब्राझीलच्या किनाऱ्यावर, रिओ आणि साओ पावलो या दोन महानगरांच्या मध्ये पाराती नावाचे जुने बंदर आहे. मोठ्या भरतीला समुद्राचे पाणी गल्ल्यांत शिरते आणि ओसरताना रस्ते धुऊन नेते. गावाची आखणीच तशी आहे. २०१९ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. आम्ही ते पुस्तकांत आणि फोटोंतच पाहिले. पण कारकुनी सवय, प्रश्न पडला, गल्लीतले हे ओबडधोबड दगड बसवले कोणी?

आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइसच्या डोंगरांत सोने सापडले. खेचरांच्या पाठीवरून घाट उतरून ते पारातीला येई आणि जहाजाने पुढे जाई. उलट्या वाटेने गुलाम खाणींकडे चालवले जात. पुढे खाणींपासून थेट रिओपर्यंत नवी वाट झाली आणि सोने तिकडे वळले. मग उसाच्या दारूवर गाव तगले. ही दारू एवढी नावाजली की 'पाराती' म्हणजे दारूच, असे लोक म्हणू लागले. नंतर कॉफी आली; १८७७ साली रेल्वे डोंगरापलीकडून गेल्यावर तोही व्यापार बसला. माल बदलत गेला, राबणारे हात तेच.

आणि चर्च? तेही वेगवेगळे! मुक्त मिश्रवर्णीयांचे १७२२ चे, गुलामांचे १७२५ चे, बड्या घरच्या स्त्रियांचे १८०० चे. देव एकच, दारे निराळी. आमच्या वाचकांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

१३ मे १८८८ रोजी गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्यात दोनच कलमे, जमिनीबद्दल एक शब्द नाही. माणसे मोकळी झाली, पण उभे राहायचे कुठे?

पारातीजवळच्या कांपिन्यो वस्तीतले लोक आपले मूळ अंतोनिका, मार्सेलिना आणि लुईझा या तीन स्त्रियांपासून सांगतात. मळे मोडल्यावर त्या तिथेच राहिल्या, पिढ्या कसत राहिल्या. कागद मात्र नव्हता. १९७० च्या दशकात किनाऱ्याने हमरस्ता आला, पर्यटक आले, जमिनीचे भाव चढले. बिनकागदाच्या माणसाचे अशा वेळी काय होते, हे ज्याने तलाठ्याकडे खेटे घातले त्याला विचारा.

१९८८ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेने अशा वस्त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. कांपिन्योच्या हाती मालकीचा कागद पडला १९९९ साली, म्हणजे गुलामी उठल्यावर १११ वर्षांनी. आज त्या वस्तीचे स्वतःचे उपाहारगृह आहे. गावातले दगड पाहून आलेले पर्यटक तिथे जेवतात, आणि गल्ल्याची किल्ली वस्तीकडेच असते.